रिकाम्या खुर्च्यांना तारीख हवी

महाराष्ट्राच्या विधानसभेला फेब्रुवारी २०२१ ते जुलै २०२२ असे तब्बल सतरा महिने अध्यक्ष नव्हता. नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी राजीनामा दिला, तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते आणि सभागृहात बहुमतही तिचेच होते. तरीही निवडणूक लांबत गेली. सरकार कोसळले, ३० जून २०२२ रोजी नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला आणि ३ जुलैला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले. विधानसभा तीच, राज्यपालही तेच. सतरा महिने जे जमले नाही ते चार दिवसांत जमले. यावरून एकच निष्कर्ष निघतो. विधिमंडळातील पदे आणि जागा कधी भरायच्या हे आपल्याकडे कायदा ठरवत नाही. ज्याच्या हाती दोर आहे त्याची सोय ठरवते. सत्ता विभागलेली असते, म्हणजे मंत्रिमंडळ एका बाजूचे आणि राज्यपाल दुसऱ्या बाजूने नेमलेले असतात, तेव्हा हा दोष उघडा पडतो. म्हणूनच या जागा भरण्यासाठी नियमात तारीख लिहिली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

अध्यक्षपदाचे काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद १७८ सांगतो की विधानसभेने ‘होईल तितक्या लवकर’ अध्यक्ष निवडावा. निवडणुकीची तारीख मात्र सभागृहाच्या नियमांनुसार राज्यपाल ठरवतात. डिसेंबर २०२१ मध्ये आघाडीने हा नियम बदलून गुप्त मतदानाऐवजी खुल्या मतदानाची तरतूद केली. आपलेच आमदार गुप्त मतदानात फुटतील ही धास्ती त्यामागे होती, हे तेव्हा कोणापासून लपलेले नव्हते. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी बदललेल्या प्रक्रियेवर हरकत घेतली आणि पुढे प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याचे कारण दिले. जुलै २०२२ मध्ये त्याच बदललेल्या नियमांखाली निवडणूक झाली, तेव्हा ही हरकत आड आली नाही. दोन्ही बाजूंनी काळ हे हत्यार म्हणून वापरले. आधी सरकारने स्वतःच्या भीतीपोटी वेळ घालवला, नंतर राजभवनाने तो आणखी लांबवला.

विधान परिषदेत हेच चित्र अधिक गडद आहे. परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ राज्यपालनियुक्त असतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांसाठी त्या राखलेल्या आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने बारा नावे राजभवनाकडे पाठवली. ती स्वीकारली गेली नाहीत आणि परतही आली नाहीत. १३ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की शिफारस मान्य करणे किंवा परत पाठवणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे आणि ते वाजवी मुदतीत पार पाडले पाहिजे. त्यानंतरही काही हलले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने जुनी यादीच मागे घेतली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुका जाहीर होण्याच्या काही तास आधी, बारापैकी सात जणांचा शपथविधी उरकण्यात आला. परिषदेचे सभापतीपदही जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ रिकामे होते आणि तो सगळा काळ कामकाज उपसभापतींवर चालले. त्यात भर म्हणजे २०२२ पासून महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या, त्यामुळे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघांत मतदारच उरले नाहीत आणि परिषदेच्या त्याही अनेक जागा रिक्त राहिल्या. या कालखंडात सत्तेवर दोन्ही आघाड्या येऊन गेल्या, त्यामुळे दोष एका पक्षाच्या पदरात टाकून मोकळे होता येत नाही.

जागा रिकामी ठेवण्याचा दुसरा मार्ग निलंबनाचा. ५ जुलै २०२१ रोजी, अवघ्या दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनात, भाजपच्या बारा आमदारांना तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केल्याच्या ठपक्यावरून एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव घटनाबाह्य ठरवला आणि चालू अधिवेशनापलीकडे निलंबन नेता येणार नाही असे स्पष्ट केले. न्यायालयाचा युक्तिवाद मतदाराच्या बाजूचा होता. आमदाराची हकालपट्टी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते. वर्षभर निलंबन म्हणजे त्या मतदारसंघाला प्रतिनिधीही नाही आणि पोटनिवडणूकही नाही. हाच युक्तिवाद रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक जागेला लागू पडतो, ती कोणीही रिकामी ठेवलेली असो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की कामकाज काही अडले नाही, उपाध्यक्षांनी ते चालवले. एरवीच्या दिवसांत हे खरे आहे. पण पीठासीन अधिकाऱ्याची खरी गरज पेचप्रसंगात लागते. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा अपात्रतेच्या याचिका उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्यासमोर आल्या आणि त्यांच्याच विरोधात त्यांना हटवण्याची नोटीस दिली गेली. निर्णय देणाऱ्याच्या अधिकारावरच प्रश्नचिन्ह लागले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि अपात्रतेचा निकाल थेट १० जानेवारी २०२४ रोजी नव्या अध्यक्षांनी दिला. तोवर विधानसभेचा बहुतेक कार्यकाळ सरला होता. पूर्णवेळ अध्यक्ष असता तर निकाल कोणाच्या बाजूने लागला असता हे सांगता येणार नाही. पण निर्णय देणारे आसन तरी वादाच्या भोवऱ्यात इतक्या सहज सापडले नसते.

दुसरा आक्षेप घटनेचा आहे आणि तो वजनदार आहे. घटनाकारांनी मुदत घातली नाही ती परिस्थितीनुसार लवचिकता राहावी म्हणून. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय पीठाने विधेयकांबाबत राज्यपालांवर न्यायालयीन मुदत लादता येणार नाही असे मत दिले. हे मान्य करूनच पुढे जायला हवे. न्यायालय मुदत घालू शकत नसेल तर ती विधिमंडळाने घालावी, आणि बऱ्याच बाबतींत ते आजही शक्य आहे. अध्यक्षाच्या निवडणुकीची तारीख राज्यपालांनी ठरवावी असे अनुच्छेद १७८ म्हणत नाही, ते सभागृहाचे नियम म्हणतात, आणि अनुच्छेद २०८ नुसार ते नियम करण्याचा अधिकार सभागृहाचाच आहे. पद रिक्त झाल्यावर पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी निवडणूक होईल, एवढे एक वाक्य दोन्ही सभागृहांच्या नियमांत आले तर सतरा महिन्यांचा प्रश्न उद्भवणार नाही. राज्यपालनियुक्त जागांसाठी मात्र घटनादुरुस्ती लागेल. तशी मागणी करणारा ठराव विधिमंडळ करू शकते.

विरोधी पक्षनेत्याच्या पदाचेही तसेच आहे. २०२४ च्या निवडणुकीनंतर विरोधकांतील सर्वांत मोठ्या पक्षाकडे वीस आमदार उरले. २८८ च्या एक दशांशाचा, म्हणजे २९ आमदारांचा, निकष पुढे केला गेला आणि पद रिकामे राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये परिषदेतील विरोधी पक्षनेत्याची मुदत संपली आणि त्या वर्षीचे नागपूरचे हिवाळी अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडले. राज्याचा १९७८ चा कायदा मात्र संख्येने सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा आणि पीठासीन अधिकाऱ्याने दिलेल्या मान्यतेचा विचार करतो. दिल्लीत २०१५ मध्ये सत्तरपैकी तीनच आमदार असलेल्या भाजपला तिथल्या विधानसभेने हे पद दिले होते. मान्यतेसाठी राज्याच्या कायद्यात तीस दिवसांची मुदत घालायला घटनादुरुस्ती लागत नाही.

उरतो राजकीय इच्छेचा प्रश्न. आज भक्कम बहुमत असलेल्यांना ही बंधने नकोशी वाटतील, कारण ती आधी त्यांनाच बांधतील. पण सप्टेंबर २०२० चे आणि जुलै २०२१ चे पावसाळी अधिवेशन दोन-दोन दिवसांत गुंडाळले गेले, तेव्हा महामारीची सबब पुरेशी नाही असे म्हणणारे आजचे सत्ताधारीच होते; आणि आज विरोधी पक्षनेतेपद मागणाऱ्यांनीच अध्यक्षपद तेव्हा रिकामे राहू दिले. महाराष्ट्रात पाच वर्षांत बाजू किती वेळा बदलल्या हे दोघांनीही अनुभवले आहे. म्हणून संख्याबळ ज्याच्याकडे आहे त्याने, ते असतानाच, हे नियम करावेत. पुढच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांच्या नियम समित्यांसमोर हा प्रस्ताव ठेवणे सरकारच्या हातात आहे, आणि तो ठेवण्याची मागणी करणे विरोधकांच्या.