मान पाडली म्हणून मान कापायची?

मंडळी, आमच्या बेळगाव-खानापूर भागात परसातली कोंबडी मान पाडून बसली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "मरायच्या आधी कापून टाका की!" मला हे पटत नाही. एकतर आजारी कोंबडी खाणं बरं नव्हे. दुसरं म्हणजे अंड्यांचा पैसा हा आमच्या आया-आज्ज्यांचा हक्काचा. पोरांच्या वह्या-पेन्सिली त्यातूनच आल्या. मग त्या कोंबडीला दोन दिवस द्यायला काय हरकत?

पुष्कळदा दुखणं गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीत असतं. रात्री ती भरलेली असते, सकाळी रिकामी हवी. सकाळीही टणक लागली तर लांब गवत नाहीतर सुतळी अडकलेली असू शकते. पाणी भरलेल्या फुग्यासारखी मऊ लागली आणि तोंडाला आंबूस वास आला, तर आतलं आंबलंय समजा.

तिला डालग्याखाली वेगळी ठेवा. एक दिवस दाणे बंद, स्वच्छ पाणी मात्र समोर हवं. टणक पिशवी हलक्या हातानं चोळा. पण उलटी धरून पिळायची रीत सोडा ओ! आतलं पाणी श्वासनळीत गेलं तर कोंबडी जाग्यावर जाते. बरी झाल्यावर बारीक खडे ठेवा. तिला दात नाहीत, दाणा दळतात ते पोटातले खडेच.

दुसऱ्या दिवशीही पिशवी उतरली नाही तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. म्हशीसाठी धावतो, मग हिला नेताना लाज कसली?