बावडी आणि नरवाई

चैत्र सरत आला की इंदुरातल्या आपल्या जुन्या घरांतून दोन गोष्टी ठरल्यासारख्या घडतात. एक हळदीकुंकवाची डाळ आणि पन्हे. दुसरी, संध्याकाळी गच्चीवर गेले असता रानाकडून येणारा जळका वास आणि सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलेली काळी काजळी. पहिलीविषयी दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच. दुसरीविषयी मात्र 'खेड्यातले लोक नरवाई जाळतात, सरकार काय करते?' एवढे म्हणून आपण गच्चीचे दार लावून घेतो. गहू कापल्यावर उरणारे ते उभे धसकट ज्या शेतांत पेटते, त्यांपैकी काही शेतांच्या खसऱ्यावर आपलीच नावे आहेत, ही गोष्ट त्या वेळी सोयीस्करपणे विसरली जाते. मीही विसरत होतो. म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, याबद्दल मला शंकाच आहे, तरी लिहितो.

देवास रस्त्यापासून आत आमची ४० बिघे काळी जमीन आहे. आजोबांनी होळकरी नोकरीतल्या पुंजीतून ती घेतली. जमिनीबरोबर एक दगडी बावडी आली. ती कोणी बांधली, कधी बांधली, हे गावातही कोणाला सांगता येत नसे. सत्तावीस पायऱ्या, उजव्या हाताला एक कोनाडा, त्यात शेंदूर फासलेला दगड. सुट्टीत आम्ही मुले जायचो तेव्हा मृग लागण्याच्या सुमारासही शेवटच्या सहा-सात पायऱ्या पाण्यात बुडालेल्या असत. गडी गुरे घेऊन काठावर येत, आणि काका आम्हाला वरूनच ओरडत, "अरे, खाली उतरू नका, गाळ फार आहे!"

माळव्याच्या माणसाला पाण्याचा एक जुना अभिमान आहे. पावलोपावली पाणी आणि घरोघरी भाकरी, अशी या मुलखाची कीर्ती. मारवाडात दुष्काळ पडला की तिकडचे लोक गुरे हाकीत इकडे येत. १८९९-१९०० च्या, म्हणजे संवत १९५६ च्या छप्पन्नाच्या दुष्काळात मात्र माळवाही सुटला नाही. आसऱ्याला आलेली गुरे इथेच मेली. पण लोकांच्या लक्षात कीर्ती राहिली, दुष्काळ राहिला नाही. १९९० च्या उन्हाळ्यात देवासला प्यायला पाणी आगगाडीने न्यावे लागले, तेव्हाही आम्ही इंदूरकर 'नर्मदा आली आहे ना आपल्याकडे' म्हणून निश्चिंत होतो.

खरे म्हणजे पाऊस कमी झाला म्हणून पाणी गेले, असे म्हणणे अर्धेच खरे. सरासरीने येथे ३५ ते ४० इंच पाऊस पडतो. तो काही वाळवंटाचा पाऊस नव्हे. पण आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत जे मुरते तेवढेच पाणी. त्याखाली अखंड खडकात कितीही खोल गेले तरी एखादी भेग सापडली तर नशीब, नाही तर नुसती धूळ. पूर्वी हा हिशेब शेतीला ठाऊक होता. पावसाळ्यात शेत पड ठेवायचे, काळ्या मातीला पाणी पिऊ द्यायचे आणि त्या ओलीवर कठिया गहू किंवा हरभरा काढायचा. १९७० नंतर सोयाबीन आले आणि पावसाळ्यातली पड गेली. मग गव्हाला वरून पाणी लागू लागले, एकदा नव्हे, चार-पाचदा. ते आणायचे कोठून? बोअरमधून.

आम्ही पहिली बोअर १९८६ साली घेतली, २०० फूट. दुसरी १९९८ साली, ४०० फूट. तिला पाणी लागले तेव्हा गावात पेढे वाटले. त्याच वर्षी बावडी प्रथमच फाल्गुनात आटली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी कशा घडल्या, हे विचारण्याचे आम्हाला सुचले नाही. आटलेल्या बावडीत एखादे पोर पडेल, असे निमित्त काढून ती बुजवावी असे ठरले. ठरले म्हणजे मी ठरवले. त्या वेळी व्यवहार माझ्याकडे होता. गावातली आमची जुनी कोठी पडायला आली होती, ती उतरवून तिचा सगळा मलबा ट्रॉल्यांनी बावडीत लोटला. एका दिवसात काम झाले, आणि मला फार कर्तबगार वाटले.

त्यानंतर २००० ते २००२ ही कोरडी वर्षे आली. चारा नाही आणि गुरांना पाजायला पाणी नाही. आमची बटई करणाऱ्याने बैलजोडी आणि चार गाई विकल्या. शेजारच्यांनीही तेच केले. पुढे पाऊस बरा झाला, पण गुरे परत आली नाहीत. ट्रॅक्टर आला होता, कापणीला पंजाबकडची यंत्रे येऊ लागली होती. यंत्र ओंबी घेते आणि वीतभर, कधी हातभर धसकट मागे ठेवते. पूर्वी हाताने विळ्याने कापत तेव्हा धसकट उरे ते बोटभर; तेही गुरे चरून साफ करीत. दोन शेतांमध्ये बोरी-बाभळीचे रुंद बांध असत, मध्येच हरभऱ्याचे किंवा अळशीचे कापून मोकळे झालेले तुकडे असत. आता बांध नांगराखाली गेले आणि गव्हाला गहू लागला. पाणी गेले म्हणून गुरे गेली, गुरे गेली म्हणून धसकट उभे राहिले. आणि मैलभर सलग, कडकडीत वाळलेले धसकट वैशाखाच्या वाऱ्यात उभे असणे म्हणजे काय, ते मी २०१६ साली पाहिले.

एप्रिलातली ती दुपार. तीन शेते पलीकडे कोणीतरी संध्याकाळी जाळायची नरवाई आधीच पेटवली, की विजेच्या तारेची ठिणगी पडली, याचा उलगडा अखेरपर्यंत झाला नाही. मी योगायोगाने गावात होतो, हिशेबासाठी. आधी धूर दिसला, मग एक वावटळ उठली आणि आग धावायला लागली. आग चालत येते अशी माझी समजूत होती. ती उड्या मारीत येते. आमचा ९ बिघे गहू कापायचा राहिला होता. लोकांनी पहिले काम केले ते वीज बंद करवण्याचे, कारण तारा तापून तुटण्याची भीती. वीज बंद झाली आणि त्याबरोबर साऱ्या गावाच्या बोअर बंद झाल्या. मी ६५० फुटांच्या तिसऱ्या बोअरजवळ उभा होतो. ती २००३ साली कर्ज काढून घेतलेली. तिच्यातून एक तांब्याभर पाणी निघेना. दोनशे पावलांवर बावडीची जागा होती, तिच्यावर बाभळी उगवल्या होत्या.

बायकांनी घरातले पिण्याचे हंडे आणले आणि पोती भिजवली. पुरुषांनी लिंबाच्या फांद्यांनी झोडपले. शेवटी आग थांबली ती एका शहाण्या पोराने ट्रॅक्टर घालून तिच्या पुढ्यात दहा हात रुंद पट्टा नांगरला म्हणून. शहरातून बंब आला तेव्हा राख उरली होती. गहू गेला, आजोबांनी लावलेले दोन आंबे गेले, बटईदाराचा गोठा गेला. माझा अर्धा वाटा म्हणजे वहीतला एक आकडा. त्याचा अर्धा वाटा म्हणजे वर्षाची भाकरी. अखातीजेला त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते, ते पुढे ढकलावे लागले. त्याच दिवसांत तिकडे उज्जैनला सिंहस्थ भरला होता आणि नर्मदेचे पाणी क्षिप्रेत सोडून लाखो लोक स्नान करीत होते. मी त्याविरुद्ध काही म्हणत नाही; मीही जाऊन आलो. फक्त ते हंडे डोळ्यांसमोरून जात नव्हते.

या सगळ्यात मला टोचते ती आणखी एक गोष्ट. शेतातला कचरा न जाळता त्याचे सोने कसे करावे, हे जगाला ज्या पद्धतीने शिकवले तिचे नावच 'इंदूर पद्धत' आहे. १९२४ साली होळकर दरबारच्या जागेवर येथे वनस्पतिउद्योगाची संस्था निघाली; अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक, आणि यशवंत वाड त्यांचे सहकारी. काड, तण, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, पाणी शिंपडायचे, ठरावीक दिवसांनी उलथायचे. तीन महिन्यांत खत. दोघांनी मिळून १९३१ साली त्यावर ग्रंथ लिहिला, आणि परदेशातल्या चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत ही पद्धत गेली. पुढे त्याच जागेवर कृषी महाविद्यालय झाले. किती मराठी घरांत वाडांचे नाव ठाऊक आहे? क्रिकेटमधल्या होळकर संघाचे खेळाडू आपण अजूनही बोटांवर मोजतो.

कोणी म्हणेल, मग ती पद्धत पुन्हा सुरू करा, झाले. तितके सोपे नाही. तिला शेण लागते आणि पाणी लागते. दुष्काळाने नेमक्या याच दोन गोष्टी नेल्या. म्हणूनच नरवाई जाळणाऱ्याला उठल्यासुटल्या अडाणी ठरवणे मला पटत नाही. डिझेल महाग, मूग पेरायची घाई, धसकट मोडायला यंत्र भाड्याने घ्यायचे तर रांग. काडी एका पैशाची. मध्य प्रदेश शासनाने १ मे २०२५ पासून नरवाई जाळणाऱ्याची किसान कल्याणाची मदत व हमीभावाची खरेदी बंद करण्याचे जाहीर केले. धाक हवा, हे मान्य. पण धाक बसतो तो शेत कसणाऱ्याला. हातभर धसकट ठेवून जाणाऱ्या यंत्राच्या मालकाला काय, आणि खसऱ्यावर नाव असून वर्षातून एकदा हिशेबाला जाणाऱ्या माझ्यासारख्याला काय?

आगीनंतर घरात बैठक झाली. चुलत बंधू, आमचे अण्णा, म्हणाले, "अरे, विकून टाकू या. कॉलनीवाले विचारताहेत. नाही तर चौथी बोअर घे, हजार फूट जा." मी म्हटले, "अण्णा, तुम्ही सांगा, तिसरीने काय दिले?" ते चिडले, आणि चिडणे साहजिक होते, कर्जात त्यांचाही हिस्सा होता. देवास जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा दहावा भाग देऊन तळी खोदली होती, त्यांना रेवासागर म्हणतात. टोंकखुर्दकडे जाऊन मी ती पाहून आलो होतो. काळी माती पाणी चांगले धरते, अस्तर घालावे लागत नाही. चाळीसपैकी चार बिघे तळ्याला द्यावे, असे मी सुचवले. काकू एवढेच म्हणाल्या, "चार बिघे विकायला तयार आहात, तर बुडवायला काय हरकत आहे?" त्यावर अण्णांना उत्तर सुचले नाही.

तळे झाले. त्याचे गुणगान गाणार नाही. रुंद केले, खोल कमी केले, ही चूक झाली; माळव्याचे ऊन निम्मे पाणी पिऊन टाकते. पहिल्या वर्षी बटईदाराने आणि मी मोहाने शेवटचा थेंबसुद्धा गव्हाला दिला, आणि एप्रिलात तळ्याच्या तळाला भेगा. दुसऱ्या वर्षापासून एक खुणेचा दगड रोवला आहे. पाणी त्या दगडाशी आले की गव्हाला बंद, गहू बारीक राहिला तरी चालेल. उरलेले गुरांना आणि आगीला. तळ्यावर डिझेलचे इंजिन आहे, विजेचे नाही. गहू पिकला की कडेचा पट्टा आणि तारांखालचा तुकडा आधी हाताने कापून, दहा हात नांगरून उघडा ठेवतो. कठिया पुन्हा लावला आहे, त्याला दोन पाण्यांत भागते; पोळी मऊ होत नाही अशी घरची तक्रार आहे, ती खरी आहे. भुसा यंत्राने काढून घेतो, उरलेले धसकट जमिनीत मोडतो, आणि पावसाळ्यात गोठ्याशेजारी वाडांच्या रीतीचा एक ढीग रचतो. दोन गाई आल्या आहेत. आणि गुढीपाडव्यापासून अखातीजेपर्यंत घरातले कोणीतरी एक माणूस गावात राहायचे, असा नियम आहे. तो नेहमी पाळला जात नाही.

२०२५ साली अहिल्याबाईंची त्रिशताब्दी झाली. भाषणे झाली, त्यांनी बांधलेल्या विहिरी-बावड्यांची यादी प्रत्येक वक्त्याने वाचली. त्याच्या दोनच वर्षे आधी, ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी याच शहरात एका जुन्या बावडीवर घातलेली फरशी खचून ३६ माणसे गेली होती. खाली बावडी आहे हे वर बसलेल्यांपैकी किती जणांना माहीत असेल? त्या दिवशी मला माझ्या ट्रॉल्या आठवल्या. पावसाळा संपताच आम्ही आमची बावडी उकरायला घेतली.

काम हळू चालते, कारण ते हाताने करावे लागते. यंत्र घातले तर पायऱ्यांचे दगड निसटतात. पाणी लागेल की नाही, कोणी सांगू शकत नाही. गावातले म्हातारे म्हणतात, तळ्याने झिरपा वाढला आहे, लागेल. अण्णा म्हणतात, "पैसे घालवतोस," आणि मजुरी पाठवतात. आतापर्यंत सोळा पायऱ्या मोकळ्या झाल्या आहेत. शेंदराचा दगड कोनाड्यात तसाच सापडला. सतराव्या पायरीवर कोठीच्या भिंतीचा एक सलग तुकडा आडवा पडला आहे. त्याच्यावर आजोबांच्या खोलीचा निळा रंग अजून टिकून आहे.