त्यात काय आहे!

'त्यात काय आहे!' हे तीन शब्द कानावर पडले की मी आधी खिसा चाचपतो आणि मग देवाचं नाव घेतो.

'त्यात काय आहे, भावोजी? कॅलिपरचे दोन बोल्ट काढायचे, जुने पॅड बाहेर, नवे आत!' इति माझा मेहुणा. त्याच्या लाल गाडीच्या डिकीवर एक पंख आहे, तेवढ्यावर तो तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. मागच्या चाकांना साधे ड्रम ब्रेक आहेत, याची मात्र त्याला भारी लाज.

मी पडलो बी.कॉम. यंत्रातलं कळत नाही, हिशेब कळतो. गॅरेजची मजुरी वाचवायला निघालेल्या या गृहस्थाने त्याच दिवशी टॉर्क पाना, जॅकस्टँडची जोडी आणि ब्रेक क्लीनरचा डबा विकत आणला. जमाखर्च तुम्हीच मांडा!

बरं, घरी करूच नये असं मी म्हणत नाही. नीट करणारे करतातही. डिस्कची जाडी मोजतात, पॅड दोन्ही बाजूंचे बदलतात, नव्या डिस्कवरचं तेल पुसून काढतात, कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू देत नाहीत. त्यांना माझा नमस्कार. माझं भांडण 'त्यात काय आहे'वाल्यांशी.

बँकेत पाचशे रुपयांचं व्हाउचरसुद्धा एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने पास करायचं असतं. लिहिणारा चोर असतो म्हणून नव्हे हो, आपली चूक आपल्याला दिसत नाही म्हणून! इथे टनभराची गाडी थांबवायची, आणि लिहिणारा, तपासणारा, पास करणारा एकच. तोही माझा मेहुणा!

रविवारी दुपारी काम उरकलं. 'बसा भावोजी.' बसलो. (बायको गॅलरीत उभी होती.) गाडी उतारावरून फाटकाकडे निघाली. तिथे वॉचमनची चार वर्षांची पोर खडूने घर काढत बसलेली. मेहुण्याने ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला!

नवे जाड पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावा लागतो. गाडी हलवण्याआधी पेडल पुन्हापुन्हा दाबून तो पुढे आणायचा असतो. मोबाइलवरच्या बारा मिनिटांच्या फिल्ममध्ये हे शेवटच्या मिनिटाला होतं. मेहुण्याने अकरा पाहिली होती.

मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. त्याची तार जाते मागच्या ड्रमना. त्याच, लाज वाटणाऱ्या. गाडी पोरीपासून दोन हातांवर थांबली.

तिने मान वर केली, आमच्या चाकाकडे पाहिलं आणि ओरडली, 'ओ काका, माझं अंगण पुसलंत!'