शिक्षेआधी बोलण्याचा हक्क

हिमाचल प्रदेशातील एका वनरक्षकाचा खटला १९८३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बेकायदा वृक्षतोडीकडे त्याने दुर्लक्ष केले, असा ठपका होता. चौकशीत खात्याची बाजू मांडायला अधिकारी होता. हा चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी मात्र एकटा. खात्याने त्याला सेवेतून काढून टाकले. दोषाच्या मानाने अवाजवी शिक्षा देणे म्हणजे घटनेच्या १४व्या कलमाचा भंग होय, असे सांगून न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

न्याय झाला खरा. पण तो दिल्ली गाठू शकलेल्याला मिळाला. जे तेथवर पोचत नाहीत त्यांचे काय?

दोष सिद्ध झाल्यावर योजलेल्या शिक्षेविषयीही कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकावे, अशी स्पष्ट तरतूद १९६३च्या घटनादुरुस्तीने ३११व्या कलमात केली होती. वीस वर्षांची निष्कलंक सेवा, पहिलाच प्रमाद, त्याच प्रकरणात वरिष्ठाला मिळालेला नुसता ताशेरा, हे सारे सांगण्याची ती जागा होती. आणीबाणीत, १९७६ साली, बेचाळिसाव्या दुरुस्तीने ती काढून टाकली. याहून खेदाची गोष्ट ही की, १९७८ साली जनता राजवटीने चव्वेचाळिसावी दुरुस्ती करून आणीबाणीतील बरेच अन्याय निस्तरले, तेव्हाही हा हक्क परत आला नाही. त्या राजवटीत समाजवादीही होते, याचा आपल्याला विसर पडू नये.

चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने १९९३ साली ठरविले. पण त्यावर बोलायचे ते दोषाविषयी. शिक्षेत न्यायालय हात घालते ते त्याच्या विवेकबुद्धीला धक्का बसला तरच. आणि हा धक्का कोणत्या न्यायमूर्तींना कधी बसेल, याला माप नाही. बसला तरी बहुधा प्रकरण त्याच खात्याकडे फेरविचारासाठी परत जाते!

लाचखोराला अभय द्या, असे आम्ही म्हणत नाही. त्याची नोकरी जावीच. परंतु हयगय आणि हरामखोरी यांना एकाच तागडीत घालणे ही शिस्त नव्हे.

महागाई भत्त्यासाठी रस्त्यावर येणाऱ्या संघटनांच्या मागणीपत्रात हा हक्क क्वचितच दिसतो. तो मिळविण्यासाठी घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांत राज्य सरकारच दोन वाक्ये घालू शकते: शिक्षेपूर्वी तिच्याविषयी कर्मचाऱ्याचे म्हणणे मागवावे, आणि सौम्य शिक्षा का पुरेशी नाही याची कारणे आदेशातच नोंदवावीत.