साळ सोलून संकर दिसत नाही

शहापूर-मुरबाडच्या वाचकांच्या पत्रांत यंदा एकच तक्रार आहे : पिशवीतल्या पांढऱ्या वाणात लाल दाण्याची झाडे. पंचनामाही ठरलेला. उरलेले बियाणे मागवायचे, मूठभर साळ सोलायची, तांदूळ पांढरा दिसला की ‘बियाणे शुद्ध, भेसळ शेतातली’ असा शेरा मारून मोकळे व्हायचे.

हा शेरा शास्त्राला धरून नाही. लाल रंग फलभित्तीत असतो आणि फलभित्ती मादी झाडाची असते. बीजोत्पादनाच्या खाचरात पांढऱ्या वाणावर लाल वाणाचे पराग पडले, तरी त्या संकरित दाण्याचा तांदूळ पांढराच निघतो. तो पेरल्यावर येणाऱ्या झाडाच्या लोंब्या मात्र पूर्ण लाल भरतात, कारण लाल रंग प्रभावी. म्हणजे सोलून सापडेल तो फक्त मिसळलेला लाल दाणा. संकर सापडणार नाही. या रंगाच्या आरसी जनुकाची उकल 2006 सालीच झाली. प्रमाणित भाताला विलगीकरण अंतर 3 मीटर. पीक स्वपरागी म्हणून ते बहुधा पुरते, पण बांधापलीकडे लाल वाण त्याच वेळी फुलोऱ्यात असेल तर तुरळक संकर होतोच. हे तपासणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानायला आम्ही तयार नाही.

खरा निवाडा संततीत होतो. लाल झाड वेगळे मळा, त्याचे दाणे पेरा आणि किमान 20 झाडांचे दाणे झाडवार सोला. पाव हिश्शाच्या आसपास झाडे पांढरी निघाली तर मूळ झाड विषमयुग्मजी, म्हणजे संकरातूनच आलेले. अशा झाडाच्या 20 पिलांत एकही पांढरे न निघण्याची शक्यता हजारात तीन. सगळी लाल निघाली तर बहुधा दाण्यांचीच सरमिसळ : पिशवीत, खळ्यावर किंवा गेल्या वर्षी गळलेल्या साळीतून. यात एक हंगाम जातो, अशी सबब ऐकू येते. जाऊ दे! चुकीचा शेरा शेतकऱ्याला त्याहून महाग पडतो.

पण मंडळी, लाल झाडे उपटून बांधावर फेकायची आणि मग तक्रार लिहायची, हे तुम्हीही थांबवा. पुरावा तुम्हीच नष्ट करता. रोपे भाजलेल्या राबातली होती का, झाड आवणीच्या चुडातले होते की बाजूला आपोआप उगवलेले, हे कापणीआधी लिहून ठेवा. नाहीतर ‘गळीचे रोप’ म्हणून तक्रार फेटाळली जाईल. पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बियाणे जपा. पाण्याची सोय असेल त्यांनी उन्हाळ्यातच 20 झाडे लावावीत आणि झाडवार मोजणी आमच्याकडे पाठवावी. ती घेऊन आम्ही तक्रार निवारण समितीपुढे तुमच्याबरोबर उभे राहू.