आरोग्याची वही कोणाच्या कपाटात?

साठी ओलांडलेल्या व्यक्तीला डॉक्टर औषधांबरोबर एक काम हमखास सांगतात : वजन, रक्तदाब आणि साखर यांची नियमित नोंद ठेवा. पूर्वी ही नोंद जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर होत असे. आता ती मोबाइलवर होऊ लागली आहे. सोय मोठी आहे. सहा महिन्यांचा आलेख डॉक्टरांसमोर धरला की बरेचसे बोलणे वाचते. परंतु कागदी वही घरच्या कपाटात राहत होती. मोबाइलमधील वही नेमकी कोणाच्या कपाटात राहते, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

आरोग्यविषयक अनेक ॲप मोफत मिळतात. मात्र ज्या वस्तूचे मोल आपण देत नाही, तिचे मोल बहुधा दुसरे कोणीतरी देत असते, हा व्यवहारातील जुना अनुभव येथेही लागू पडतो. अमेरिकेत औषधांच्या सवलतींची माहिती देणाऱ्या ‘गुडआरएक्स’ या कंपनीवर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२३ मध्ये कारवाई केली. ग्राहकांच्या औषधांची व आजारांची माहिती त्यांच्या संमतीवाचून फेसबुक, गूगल यांसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा आरोप होता. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण १५ लाख डॉलर दंड भरण्यास ती राजी झाली. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. तथापि, कायद्याची दारे ठोठावण्याची वेळ माहिती बाहेर गेल्यावर येते. ती घराबाहेर पडूच न देणे अधिक शहाणपणाचे.

त्यासाठी ‘मुक्तस्रोत’ ॲपचा मार्ग उपलब्ध आहे. फुकट आणि मुक्त या दोन्ही अर्थांना इंग्रजीत एकच शब्द असल्याने तेथे घोटाळा होतो. मराठीत तो होण्याचे कारण नाही. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून या चळवळीचा आग्रह मुक्ततेचा आहे. अशा ॲपची मूळ संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली असते. जाणकार ती वाचू शकतो, तपासू शकतो, सुधारू शकतो. हिशेबाच्या वह्या कोणत्याही लेखापरीक्षकाला पाहू देणाऱ्या संस्थेसारखेच हे आहे. वह्या खुल्या आहेत म्हणून हिशेब निर्दोषच असेल असे नव्हे. पण लपवाछपवीला वाव कमी राहतो.

अँड्रॉइड फोनसाठी अशी ॲप ‘एफ-ड्रॉइड’ या भांडारात मिळतात. ते २०१० पासून चालू आहे. वजनाची नोंद ठेवणारे ‘ओपनस्केल’ हे त्यातील एक. त्यात खाते उघडावे लागत नाही, जाहिराती नसतात आणि नोंदी फोनमध्येच राहतात. घरातील एकाहून अधिक व्यक्तींची नोंद एकाच फोनवर ठेवता येते.

कृती अवघड नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये ‘एफ-ड्रॉइड डॉट ओआरजी’ हा पत्ता स्वतः टंकून भांडाराची फाइल उतरवून घ्यावी. ती उघडताना फोन अडवतो आणि अनोळखी ॲपना परवानगी द्यावी काय, असे विचारतो. त्या ब्राउझरला परवानगी देऊन भांडार बसवावे व लगेच सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढून घ्यावी. पुढे भांडारातून पहिले ॲप घेताना हाच प्रश्न भांडाराबाबत येतो. तेथे होकार द्यावा. ॲप निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : शेवटची सुधारणा केव्हा झाली, ॲप कोणकोणत्या परवानग्या मागते, आणि भांडाराने त्याच्याविषयी काही इशारा दिला आहे काय. ॲप सुरू झाल्यावर नाव, जन्मतारीख, उंची व वजन भरले की वही तयार होते.

येथे एक धोका नीट समजून घेतला पाहिजे. जी परवानगी क्षणभर द्यावी लागते, तिच्याच आधारे भामटे लोकांची बँक खाती रिकामी करतात. वाहतुकीचा दंड, लग्नपत्रिका, केवायसी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाइल कधीही उघडू नये, मग ती परिचिताच्या क्रमांकावरून आलेली का असेना. फसवणूक झालीच तर बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. सेटिंगमधील या गोष्टी स्वतःला जमत नसतील, तर घरातील तरुणाला शेजारी बसवूनच हे काम करावे. त्यात कमीपणा नाही.

आकड्यांचा अर्थ लावतानाही विवेक हवा. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६६ किलो असेल, तर शरीराचा भारांक सुमारे २४.२ येतो. सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय मापाने २५ पर्यंतचा भारांक योग्य समजला जातो, त्यामुळे ॲप समाधान दर्शवू शकते. परंतु भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने जी मर्यादा सुचवली, तिच्यानुसार २३ पासूनच वजन अधिक मानले जाते, कारण आपल्याकडे मधुमेह व हृदयविकार कमी वजनातही गाठतात. ॲप केवळ नोंद ठेवते. तिचा अर्थ डॉक्टरांनीच सांगायचा असतो.

शेवटी, वही आपल्या कपाटात ठेवायची तर तिची राखणही आपल्याकडेच येते. फोन हरवला की नोंदी गेल्या. त्या परत देणारी कंपनी येथे नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नोंदींची ‘सीएसव्ही’ फाइल काढून संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवावी. ती एक्सेलमध्ये उघडते आणि छापताही येते. त्या कागदाची एक प्रत औषधांच्या डब्यात ठेवली, तर अचानक रुग्णालयात जाण्याची वेळ आल्यास फोनचा पासवर्ड ठाऊक नसलेल्या कुटुंबीयांच्याही ती हाताशी असेल.