तोंड आलेल्या मुलाचे टाचण

पोराला तोंड आले असे म्हटले की निपाणीपासून बेळगावापर्यंतच्या कोणत्याही स्वयंपाकघरात प्रथम आरोपी म्हणून संकेश्वरी मिरची उभी केली जाते, तिच्यामागोमाग 'उष्णता' या सर्वव्यापी साक्षीदाराची जबानी होते, आणि तुरटीच्या गुळण्या, जाईचा पाला, साजूक तूप व बी-कॉम्प्लेक्सच्या चार गोळ्या एवढ्यावर खटला निकाली निघतो. बहुतेक वेळा हा निकाल कोणाला नडत नाही. कारण साधा व्रण एक-दोन आठवड्यांत आपण होऊनच भरून येतो, आणि यशाचे श्रेय जे औषध शेवटी लावले त्याच्या पदरी पडते. (मशेरीचे बोट हिरडीला लावण्याचा सल्ला मात्र तंबाखूच्या गावातही कोणी मानू नये.)

परंतु ज्या मुलाचे तोंड वरचेवर येते आणि येताना ताप, सांधेदुखी, पोटदुखी किंवा डोळ्यांची लाली बरोबर घेऊन येते, त्याची फिर्याद मिरचीविरुद्ध नसते. शरीराची संरक्षक यंत्रणाच तेथे कारणावाचून पेटलेली असते, आणि तोंड ही त्या दाहाची केवळ दर्शनी बाजू असते. १९८७ साली अमेरिकेतील काही बालरोगतज्ज्ञांनी अशा बारा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे त्या विकाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पीफापा' हे नाव पडले. पाच वर्षांच्या आतले मूल, दर तीन ते सहा आठवड्यांनी चढणारा ताप, त्याच्या जोडीला तोंडातले व्रण, सुजलेला घसा, मानेच्या गाठी. तीन ते सहा दिवसांत सारे ओसरते, आणि मधल्या काळात मूल इतके ठणठणीत असते की शेजाऱ्यांना आई उगीच घाबरते असे वाटावे. आगगाडीलाही न साधणारी ही वक्तशीरता हेच या विकाराचे मुख्य लक्षण. आणि नेमके तेच कोणाच्या दप्तरी नसते, कारण प्रत्येक खेपेला ताप नवा समजला जातो, प्रतिजैविक नव्याने लिहिले जाते, आणि चौथ्या दिवशी आपल्या पायांनी जाणाऱ्या तापाला आपणच घालवले असे सर्वांना वाटते. स्टेरॉइडची एकच मात्रा हा ताप काही तासांत उतरवते, पण बऱ्याच मुलांत पुढची खेप अलीकडे ओढते. टॉन्सिल काढल्याने अनेक मुलांचे दुखणे थांबते. आणि बहुतेकांचे वय वाढता वाढता सुटते.

सर्वच दुखणी इतकी सालस नसतात. इस्तंबूलच्या हुलुसी बेहचेत यांनी १९३७ साली वर्णिलेल्या रोगात तोंडाबरोबर गुह्यांगावरही व्रण उठतात आणि डोळ्यांकडे दुर्लक्ष झाले तर दृष्टीच जाऊ शकते. क्रोनच्या आतड्याच्या रोगात कधी कधी पोटाची तक्रार सुरू होण्यापूर्वीच तोंड बोलू लागते आणि मुलाची उंची खुंटू शकते. म्हणूनच मलम देण्याआधी रक्ताची साधी तपासणी, लोह व बी-१२ची पातळी, आणि वजन-उंचीची मागील नोंद यांची रुजवात व्हावी. त्यानंतर स्टेरॉइडचे मुखलेप आहेत, जेवणापूर्वी लावायची बधिरक जेल आहे, आणि वारंवार उठणाऱ्या व्रणांसाठी कोल्चिसीन आहे.

हे कोल्चिसीन आपल्याला परके नाही. पावसाळ्यात आपल्याकडे कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी, जिच्या कंदाला आपली माणसे हातही लावू देत नाहीत, तिच्यात हेच द्रव्य असते. मात्रा चुकली तर ते प्राण घेते. आणि मात्रा बरोबर असूनही क्लॅरिथ्रोमायसिनसारखे घशासाठी सर्रास दिले जाणारे प्रतिजैविक सोबत पडले, तर औषध शरीरात साचून तोच परिणाम होऊ शकतो. बेळगावच्या तज्ज्ञाने कोल्चिसीन लिहिले आहे ही गोष्ट निपाणीच्या डॉक्टराला ठाऊक असणे, हा जिवाचा प्रश्न आहे तो असा.

आणि आपल्या सीमाभागात ती ठाऊक असण्याची तजवीज कोठे आहे? कर्नाटकातल्या निपाणीकराला महाराष्ट्रातले कोल्हापूर बेळगावच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर. एक कागद कन्नडात, दुसरा इंग्रजीत, आजीने सांगितलेली हकीकत मराठीत. सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४चा; २०२३ साली महाराष्ट्राने आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांपर्यंत नेण्याचे ठरवले तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली. हद्दीचा हा वाद मला क्षुल्लक वाटत नाही. पण त्यात चर्चा होते ती इस्पितळात दाखल होण्याच्या खर्चाची, आणि महिन्या-दीड महिन्याने तोंड येणारे मूल दाखल होण्याइतके आजारी सहसा नसते. दोन्ही सरकारांच्या खातेवहीत त्याला रकाना नाही.

तेव्हा दोन रुपड्यांच्या वहीत आईनेच रकाने आखावेत, असे माझे स्पष्ट मत आहे: ताप चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, व्रण किती व कोठे, भरायला लागलेले दिवस, डोळे, सांधे, पोट, वजन, आणि चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव वेष्टनावरून जसेच्या तसे उतरलेले. आशाताई दारी येतात तेव्हा त्यांनी ही वही मागून पाहावी, आणि तीन आठवडे न भरलेला व्रण किंवा लाल झालेला डोळा दिसला तर त्याच आठवड्यात मुलाची रवानगी मोठ्या इस्पितळाकडे करावी, मग ते कोल्हापूरचे असो की बेळगावचे. तारखांना अंक पुरतात, आणि अंक हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांना सारखेच वाचता येतात.